शेवटच्या घरापर्यंत वीज

मी चौतीस वर्षे वीज मंडळात काढली असे आमच्या नात्यागोत्यातले लोक समजतात. लग्नकार्यात कोणी ओळख करून देताना म्हणतो, "हे आमचे मामा, बोर्डात साहेब होते." खरे तर मी बोर्डात कधीच नव्हतो. मी इंजिनियर होतो तो वीज सहकारी संस्थेत. साखर कारखाना सहकारी असतो, दूध संघ सहकारी असतो, गावची सोसायटी तर असतेच. पण विजेचीही सहकारी संस्था असते हे आपल्या पुष्कळ लोकांना ठाऊक नाही. त्या नोकरीत मी जे पाहिले, जे शिकलो, ते आपल्या घराघरातल्या मुलामुलींच्या कानावर जावे म्हणून हे लिहीत आहे.

आधी संस्था काय होती ते सांगतो. १९६९ साली केंद्र सरकारने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन केले. खेड्यापाड्यांत वीज नेण्यासाठी कर्ज देणे हे त्याचे काम. त्याच सुमारास अमेरिकेच्या मदतीने देशात पाच ठिकाणी ग्रामीण वीज सहकारी संस्था प्रयोग म्हणून उभ्या राहिल्या. कर्नाटकात हुक्केरी, गुजरातेत कोडीनार, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला, उत्तर प्रदेशात लखनौ, आणि महाराष्ट्रात आमच्या नगर जिल्ह्यात श्रीरामपूरची मुळा प्रवरा. ही कल्पना अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची. १९३५ साली तिथे दहापैकी नऊ शेतांवर वीज नव्हती. खासगी कंपन्या म्हणत, लांबलांबच्या शेतावर तार ओढणे परवडत नाही. मग सरकारने स्वस्त कर्ज दिले, शेतकऱ्यांनी आपल्या संस्था काढल्या आणि स्वतःच खांब उभे केले. आपल्याकडे या संस्था बोर्डाकडून घाऊक वीज विकत घेत आणि आपल्या भागात ती वाटत. लाईन टाकणे, मीटर बसवणे, बिल काढणे, फ्यूज गेला तर रात्री-अपरात्री धावणे, सगळे संस्थेचे काम.

मी १९७६ साली या कामात आलो. त्याआधीचे थोडक्यात सांगतो, कारण तशी कहाणी आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. आई-वडील दोघेही दुसऱ्याच्या उसात मजुरी करीत. घरात रॉकेलची चिमणी. मॅट्रिकपर्यंतचा माझा सगळा अभ्यास त्या चिमणीवर आणि शाळेच्या ओट्यावर झाला. पुढे औरंगाबादला बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयात सायन्स, मग तिथल्याच सरकारी इंजिनियरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल. स्कॉलरशिप वेळेवर आली नाही की मेसचे पैसे थकत, पण शिक्षण थांबले नाही. पहिला पगार आईच्या हातावर ठेवला तेव्हा तिने विचारले, "म्हणजे आता तू काय करणार?" मी म्हणालो, "गावोगाव लाईट नेणार." तिने लगेच विचारले, "आपल्याकडे कधी?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यात माझी नोकरी गेली म्हटले तरी चालेल.

गाव उजळले म्हणजे काय?

आपल्या देशात 'विद्युतीकरण झालेले गाव' कशाला म्हणायचे याची सरकारी व्याख्या होती. १९९७ पर्यंतची व्याख्या अशी, की गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असेल तर ते गाव विद्युतीकरण झालेले. म्हणजे गावाच्या शिवारात एका विहिरीवर एक मोटार चालू झाली की कागदावर सगळे गाव उजळले! मग गावठाणात अंधार असो, आपल्या वस्तीत अंधार असो, तक्त्यात त्या गावापुढे बरोबरची खूण. १९९७ मध्ये व्याख्या बदलली आणि वीज लोक राहतात त्या भागात पोचली पाहिजे असे ठरले. २००४ मध्ये ती पुन्हा बदलली. शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक ठिकाणी वीज हवी, निदान दहा टक्के घरांत वीज हवी, आणि गावठाणाबरोबरच दलित वस्तीतही ट्रान्सफॉर्मर आणि लाईन हवी, असे त्यात लिहिले गेले. दलित वस्ती हा शब्द त्या व्याख्येत यायला स्वातंत्र्यानंतर सत्तावन्न वर्षे लागली. तो आपोआप आला नाही. गाव आणि वस्ती या दोन वेगळ्या जागा आहेत आणि तार पहिल्या जागेवरच थांबते, हे उघड दिसत होते म्हणून तो लिहावा लागला.

तार का थांबते याचे एक कारण सगळ्यांना माहीत आहे. त्यावर मी वेगळे लिहीत नाही. पण दुसरे कारण विजेच्या शास्त्रात आहे आणि ते आपल्या लोकांनी समजून घेतले पाहिजे.

गावात येणारी मोठी लाईन ११ हजार व्होल्टची असते. ती गावाजवळच्या ट्रान्सफॉर्मरवर येते. आपण त्याला डीपी म्हणतो. तिथे ११ हजाराचे ४०० व्होल्ट होतात. मोटारीला ४०० व्होल्टच्या तीन फेज लागतात आणि घराला त्यातल्या एका फेजवर २३० व्होल्ट मिळतात. डीपीपासून पुढे घरापर्यंत जाते ती लहान लाईन. आता तार म्हणजे काही रिकामी नळी नव्हे. ती विजेला अडवते. तार जितकी लांब आणि तिच्यातून जाणारा प्रवाह जितका जास्त, तितके व्होल्टेज वाटेत खर्च होते. डीपीजवळच्या घरात २३० मिळाले तर शेवटच्या घरी १९० मिळतील, १८० मिळतील. नियम असा होता की ठरलेल्या व्होल्टेजपेक्षा सहा टक्क्यांहून जास्त फरक पडता कामा नये. पण नियम पुस्तकात आणि तार शिवारात! साध्या बल्बचा स्वभाव असा, की व्होल्टेज वीस टक्क्यांनी कमी झाले की उजेड निम्म्याहूनही खाली येतो. म्हणून संध्याकाळी मळ्यातल्या मोटारी सुरू झाल्या की शेवटच्या घरातला बल्ब लालसर निखाऱ्यासारखा दिसायचा.

आता सांगा, गावात शेवटचे घर कोणाचे? डीपी कुठे बसते? चावडीजवळ, देवळाजवळ, पाटलाच्या वाड्याजवळ. आपली वस्ती गावकुसाबाहेर, ओढ्यापलीकडे. गावाची रचना ज्यांनी केली त्यांना वीज माहीत नव्हती, पण त्यांच्या रचनेमुळे विजेच्या तारेचे शेवटचे टोक आपल्याच दारात आले.

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. लहान लाईन लांबवायची नाही. ११ हजाराची मोठी लाईनच वस्तीपर्यंत न्यायची आणि डीपी वस्तीच्या शेजारी बसवायची. तेवढीच वीज ४०० ऐवजी ११ हजार व्होल्टवर नेली तर प्रवाह सुमारे सत्तावीसपट कमी लागतो, आणि त्याच जाडीच्या तारेत वाया जाणारी वीज जवळजवळ साडेसातशेपट कमी होते. मग शेवटच्या घरालाही पूर्ण उजेड. खर्च मात्र वाढतो. डीपीला पैसे लागतात, ११ हजाराच्या इन्सुलेटरला पैसे लागतात. एस्टिमेट करणारा इंजिनियर नकाशावर पेन्सिल कुठे टेकवतो त्यावर पुढच्या चाळीस वर्षांचा उजेड ठरतो.

ओढ्यापलीकडची वस्ती

१९८१ सालची गोष्ट. गावाचे नाव लिहीत नाही, कारण अशी गावे कितीतरी. गाव कागदावर कधीच उजळले होते. ओढ्यापलीकडे आपली एक्केचाळीस घरे अंधारात. मी सर्व्हेला गेलो. बरोबर साखळी, रेंजिंग रॉड, दोन हेल्पर. वस्तीतले एक म्हातारे बाबा माझ्याबरोबर दिवसभर उन्हात फिरले. हातात काठी, डोक्याला पांढरे मुंडासे. त्यांना मी जयभीम केला तेव्हा ते क्षणभर बघतच राहिले. मग हळूच विचारले, "साहेब, तुम्ही आपल्यातले का?" मी हो म्हणालो. त्यानंतर ते मला साहेब म्हणाले नाहीत, 'बाळ' म्हणाले.

अडचणी दोन होत्या. पहिली पैशाची. विद्युतीकरणासाठी कर्ज मिळायचे ते योजना परवडते की नाही हे पाहून. किती खर्च आणि वर्षाला किती उत्पन्न, याचा तक्ता भरावा लागे. एक्केचाळीस घरे, प्रत्येकी एक बल्ब, म्हणजे सगळा भार जेमतेम अडीच किलोवॅट. एवढ्यावर ११ हजाराची लाईन कोणत्याच हिशेबात बसत नव्हती. मी शिवारात पुन्हा फिरलो. ओढ्यापलीकडे तीन लहान शेतकरी होते, एक माळी, एक धनगर, एक मराठा. तिघांच्याही विहिरी होत्या आणि तिघेही डिझेल इंजिनावर पाणी उपसून मेटाकुटीला आले होते. गावठाणातल्या डीपीवरून त्यांच्या विहिरीपर्यंत लाईन ओढली असती तर मोटार चाललीच नसती, इतके अंतर. मी त्या तीन मोटारी, वस्तीतल्या एकाला काढायची होती ती पिठाची गिरणी, आणि एक्केचाळीस घरे, अशी एकच योजना केली. डीपी वस्तीच्या शेजारी, गावच्या पडीक जागेवर. तक्ता भरला. हिशेब बसला. वस्तीच्या वाट्याच्या खर्चाला विशेष घटक योजनेचा आधार मिळाला.

दुसरी अडचण वाटेची. लाईनची सरळ रेषा एका मोठ्या बागायतदाराच्या उसातून जात होती. सातशे मीटर, तेरा खांब. मी परवानगीसाठी त्यांच्या वस्तीवर गेलो. ओसरीवर खुर्ची दिली, पाणी आले, चहाही सांगितला. मग त्यांनी विचारले, "साहेब, आडनाव काय म्हणालात?" मी सांगितले. चहा आला नाही. खांबाचे विचारले तर म्हणाले, "बांधावर खांब आला की नांगर अडतो." हे एका अर्थी खरे आहे. कोणत्याही शेतकऱ्याला बांधावर खांब नको असतो. पण पुढचे वाक्य त्यांनी हसत हसत टाकले, "आणि तिकडं लाईट कशाला? दिवसभर कामाला असतात, रात्री झोपतात."

कायद्याने जबरदस्ती करता येते. पण त्यात कलेक्टर कचेरीच्या फेऱ्या आल्या, दोन-तीन वर्षे गेली असती. मी भांडलो नाही. तलाठ्याकडून गावचा नकाशा मागवला. त्यात शिवरस्ता होता. काटेरी झुडपांनी बुजलेला, पण नकाशावर सरकारी. त्या वाटेने मोजले तर नऊशे पन्नास मीटर आणि अठरा खांब. पाच खांब जास्त, पण कोणाच्या बांधाला हात लावायची गरज नाही. रस्ता साफ करायचा प्रश्न होता. वस्तीतल्या बाया-बापड्यांनी, आणि त्यांच्याबरोबर त्या तीन शेतकऱ्यांच्या घरच्यांनी, दोन रविवारी मिळून तो रस्ता मोकळा केला. माळ्याचा कोयता आणि आपल्या माणसाची कुदळ एकाच झुडपावर चालताना मी पाहिली. विजेसाठी का होईना, पण पाहिली.

लाईन चार्ज केली ती संध्याकाळची वेळ होती. आधी कोणी काही बोलले नाही. बल्ब लागला आणि घरातल्या बाया आपल्याच भिंतींकडे बघू लागल्या. चिमणीच्या काजळीने भिंती काळ्याकुट्ट झालेल्या. एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, एवढ्या काळ्या होत्या व्हय ह्या?" पुढच्या आठवड्यात मी मीटर तपासायला गेलो तेव्हा सगळी वस्ती पांढऱ्या मातीने सारवलेली होती. कोणी सांगितले नव्हते, कोणती योजना नव्हती. उजेड आला आणि लोकांनी आपले घर पाहिले, एवढेच.

त्या बागायतदारांचीही हकीकत सांगितली पाहिजे. पाच-सहा वर्षांनी त्यांनी जमिनीच्या टोकाला नवी विहीर खणली. सर्वांत जवळची डीपी कोणती? वस्तीशेजारची. त्यांचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. अर्ज नियमात बसत होता, मी त्याच दिवशी पुढे पाठवला. वस्तीतली काही पोरे माझ्यावर रागावली. मी त्यांना म्हणालो, "बाबांनो, विजेला अडवायचे काम त्यांनी केले. तेच आपणही केले तर आपण वेगळे काय केले?"

अर्जदार आणि मालक

सहकारी संस्थेचा एक गुण मला शेवटपर्यंत महत्त्वाचा वाटला. कंपनीच्या दारात माणूस ग्राहक असतो, सरकारी कचेरीच्या दारात तो अर्जदार असतो. सहकारी संस्थेत तो भाग घेऊन सभासद होतो, म्हणजे कायद्याने तो तिचा मालक. सहकाराचा नियम एक सभासद, एक मत. शंभर एकरवाल्याचे एक आणि एका बल्बवाल्याचेही एकच. बाबासाहेबांनी राजकारणात एक माणूस, एक मत आणले. त्याचीच लहान आवृत्ती मला इथे दिसे. पण हा हक्क वापरला तर उपयोगाचा. आपले लोक सभेला जात नसत. रोज बुडतो, आणि तिथे आपले कोण ऐकणार, ही दोन कारणे. मी ज्या वस्तीत जाई तिथे सांगे, मीटर घरातल्या बाईच्या नावावर घ्या, पावती जपून ठेवा, आणि वर्षातून एकदा सभेला जा. बोलता आले नाही तरी बसा.

मीटर नावावर असणे ही लहान गोष्ट नाही. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, घराचा उतारा नाही, अशा कितीतरी भगिनींच्या हातात त्यांच्या नावाचा पहिला छापील कागद विजेच्या बिलाचा होता. पुढे रेशनकार्डाला, मुलाच्या शाळेच्या दाखल्याला राहण्याचा पुरावा म्हणून तोच कागद उपयोगी पडला. १९८८-८९ पासून केंद्राची कुटीर ज्योती योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एका बत्तीची जोडणी. एकच बत्ती होती, पण तिच्यामुळे हजारो घरांत मीटर आले नसते तर अंधारच राहिला असता.

मेलेली तार

इंजिनियरचे काम नुसते नकाशाचे नाही. खांबावर चढतो तो वायरमन. त्याच्या जिवाची जबाबदारी खालच्या माणसावर असते. आमच्या कामात पहिला नियम हा, की लाईन बंद केली असे कोणी सांगितले म्हणून ती मेली असे मानायचे नाही. परमिट घ्यायचे, टेस्टर लावायचा, आणि डिस्चार्ज रॉडने तार जमिनीला जोडल्याशिवाय हात लावायचा नाही. एकदा लाईन सबस्टेशनवरून बंद होती, स्विच उघडा होता, कागद पूर्ण होता. वायरमनने रॉड टेकवला आणि ठिणगी उडाली. खाली एका ठिकाणी लग्नाचा मांडव होता. त्यांनी भाड्याचे जनरेटर आणून घरच्या वायरिंगला तसेच जोडले होते, मेन स्विच न काढता. ती वीज उलटी तारेत शिरली होती. रॉड टेकवायचा कंटाळा केला असता तर त्या मुलाची दोन लेकरे पोरकी झाली असती.

ऐकीव गोष्ट खरी मानू नका, स्वतः तपासून पाहा, हे तथागतांनी कालाम लोकांना सांगितले. आमच्या वायरमनांना मी ते अडीच हजार वर्षांचे जुने सूत्र म्हणून कधी सांगितले नाही. पण खांबावर चढणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ पुस्तकाशिवाय कळतो.

बाबासाहेब आणि वीज

आपल्या तरुणांना बाबासाहेब राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून माहीत आहेत. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि वीज हा विषय त्याच खात्याकडे होता, हे कमी जणांना माहीत असते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज आणि सार्वजनिक बांधकाम यांच्या धोरण समितीपुढे त्यांनी मांडलेला विचार मी इंजिनियर झाल्यावर वाचला. देशातले दारिद्र्य घालवायचे तर उद्योग वाढले पाहिजेत, आणि उद्योग वाढायचे तर वीज मुबलक आणि स्वस्त मिळाली पाहिजे, असा त्याचा आशय. पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणीही त्याच काळातली. देशात वीज किती, कुठे आणि कोणासाठी निर्माण करायची हा प्रश्न एका अशा माणसाने हाताळला होता, ज्याने लहानपणी परळच्या चाळीत एका खोलीत अभ्यास केला. मला माझ्या पेन्सिलीची किंमत तेव्हा कळली.

आज काय करावे?

मी २०१० साली निवृत्त झालो. ३१ जानेवारी २०११ रोजी संस्थेच्या परवान्याची मुदत संपली आणि त्या भागाचा वीजपुरवठा महावितरणकडे गेला. घाऊक विजेच्या देण्याचा वाद कित्येक वर्षे चालला होता. त्यावर बोलायला जाणकार आहेत. हुक्केरी आणि सिरसिल्ला इथल्या संस्था मात्र आजही वीज वाटत आहेत. संस्था येतात, जातात. खांब उभे राहतात. त्या शिवरस्त्यावरचे माझे अठरा खांब मी गेल्या वर्षी जाताना मोजले. दोन बदलले आहेत, सोळा तेच आहेत.

२०१७ च्या सौभाग्य योजनेनंतर जोडणी नाही असे घर आता क्वचित सापडते. म्हणून आपले काम संपले असे नाही. जोडणी मिळणे आणि पुरेशी, सुरक्षित वीज मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता घरात पंखा आहे, टीव्ही आहे, कुठे फ्रीज, मिक्सर, मुलांचे मोबाईल. भार दहापट झाला आणि वस्तीची डीपी तीच जुनी असेल तर उन्हाळ्यात ती जळणारच. तेव्हा ग्रामसभेत आपल्या माणसांनी तीन प्रश्न विचारावेत. आमच्या वस्तीची डीपी किती केव्हीएची आहे? तिच्यावर किती जोडण्या आहेत? आणि तिच्यापासून आमचे शेवटचे घर किती लांब आहे? उत्तरे लेखी मागावीत. वायरमनकडून शेवटच्या घरचे व्होल्टेज संध्याकाळी सात वाजता मोजून घ्यावे आणि तारखेसह लिहून ठेवावे. तक्रार आकड्यांत केली की ती टाळणे अवघड जाते.

घरातही दोन गोष्टी करा. पत्र्याच्या घराला अर्थिंग हवेच. पत्र्यात वीज उतरून मेलेली माणसे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. ओले कपडे वाळत घालायची तार विजेच्या वायरजवळून नेऊ नका. शक्य झाले तर मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा सुरक्षा स्विच बसवून घ्या. माणसाला झटका बसला की तो डोळ्याचे पाते लवायच्या आत वीज तोडतो. एका पैठणीच्या पैशात सगळे घर सुरक्षित होते.

आणि शेवटचे, मुलामुलींसाठी. आपली पुष्कळ मुले आज आयटीआय, डिप्लोमा, डिग्री करत आहेत. काहींना वाटते इलेक्ट्रिकल म्हणजे खांबावर चढायचे काम, कॉम्प्युटर बरे. त्यांना माझे सांगणे आहे. सोलर पंप येत आहेत, छतावर सोलर येत आहे, नवे मीटर येत आहेत. कुठे काय बसवायचे, कोणाच्या दारापर्यंत न्यायचे, कोणाचे पुढच्या वर्षावर ढकलायचे, हे कोणीतरी खोलीत बसून नकाशावर ठरवणार आहे. त्या टेबलाशी तुमच्यापैकी कोणी बसलेले असू द्या. नकाशावर गाव पाहाल तेव्हा पेन्सिल आधी ओढ्यापलीकडे टेकवा. शेवटच्या घराला पूर्ण व्होल्टेज मिळाले तर मधल्या सगळ्यांना मिळतेच. हे विजेचे गणित आहे, कोणीही मोजून पाहावे.

जयभीम.